प्रवासिणीचा मुक्काम

तिला सगळे कडकताई म्हणत. नाव स्वभावावरून पडलं असेल असं वाटून नवा माणूस तिच्याशी जरा जपून बोले, आणि दोन दिवसांत फसे, कारण कुणी तिच्या पायावर पाय दिला तर तीच उलट "तुम्हाला लागलं नाही ना?" म्हणून विचारायची. नाव पडलं होतं इस्त्रीवरून. ती ज्या लाँड्रीत कामाला होती तिथले मालक गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या ताईनं दाबलेली कॉलर टेबलावर आपटून बघा, टणकन वाजेल." एकदोन हौशी गिऱ्हाइकांनी खरंच आपटून पाहिली होती. कॉलर वाजली की नाही ठाऊक नाही, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

लाँड्रीची मागची खोली तिची. चादरी आणि टॉवेल मशीनवर जायचे. जिथे माणसाचा हातच लागतो अशा वस्तू तिच्या टेबलावर यायच्या. चुण्यांचे स्कर्ट, झालरींचे फ्रॉक, गाणाऱ्यांचे पांढरे शर्ट, लांबच्या प्रवासाचे कोट. वाफेनं खोलीच्या काचा कायम धुरकटलेल्या, त्यामुळे बाहेरचा रस्ता दिसायचा तो अर्धवट झोपेत दिसावा तसा. म्हणून असेल किंवा बाईची घडणच मुळात तशी असेल, हात इस्त्रीवर आणि मन भलतीकडे, अशी तिची रीत होती. एखाद्या कोटाच्या खिशात शिवणीला अडकलेली वाळू सापडली, की त्या दिवशी तिच्या टेबलापाशी संध्याकाळपर्यंत समुद्र असायचा. खरा समुद्र तिनं पाहिला नव्हता. नवऱ्यानं न्यायचं कबूल केलं होतं, पण दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. कधी छत गळायचं, कधी दाढ उपटायची निघायची.

त्या लाँड्रीची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे. शाईच्या खुणा मालकांना पसंत नव्हत्या. शाई फुटते, कपडा नासतो. म्हणून कपडा आला की आतल्या बाजूला रंगीत धाग्याचा एक टाका घालायचा. प्रत्येक घराचा रंग वेगळा, टाक्याची तऱ्हा वेगळी. कपडा धुऊन, दाबून, घडी होऊन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची वेळ आली, की छोट्या कात्रीनं तो टाका उसवून टाकायचा. टाका उसवला म्हणजे कपडा आपल्या घरी पोचला. ज्याचा टाका मधेच गळून पडला तो कपडा भिंतीवरच्या वरच्या फळीवर जाऊन बसे. त्या फळीला लाँड्रीत 'पोरकी फळी' म्हणत. कडकताईला त्या फळीकडे बघवत नसे. तिथला एक राखाडी स्वेटर तर ती नोकरीला लागल्यापासून कुणाची तरी वाट बघत होता.

लाँड्रीतून बसच्या थांब्याकडे जाताना एक अरुंद दुकान लागे. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान आणि मधोमध ही पाटी: जुन्या बाहुल्यांची खरेदी-विक्री. दुकानदाराला सगळे काका म्हणत. एका संध्याकाळी बस चुकली आणि वेळ घालवायचा म्हणून कडकताई काचेशी उभी राहिली. आत ती होती.

हातभर उंचीची, चिनी मातीच्या चेहऱ्याची बाहुली. अंगात निळा लोकरी कोट, त्याला पितळेची बारीक बटणं. डोक्यावर मऊ टोपी, पायांत तपकिरी बूट, हातात चामड्याची एवढीशी बॅग. ओठ किंचित उघडे, नजर जरा वर. स्टेशनावर उतरून, पाटी वाचून, आता कुणाला तरी पत्ता विचारणार अशी उभी होती ती. कडकताईनं तिला मनातल्या मनात पत्ता सांगून टाकला आणि दुसरी बसही चुकवली.

बाहुली ही लहान मुलींची गोष्ट, असं म्हणणारे पुष्कळ असतात. कडकताईसुद्धा आदल्या दिवशीपर्यंत तेच म्हणाली असती. पण हौस वय विचारून येत नाही. दुसऱ्या दिवशी ती आत शिरली आणि तिनं किंमत विचारली. काकांनी सांगितली. मग ती म्हणाली, "काका, जरा स्टूल देता का?"

"सगळ्यांना लागतं," असं म्हणून काकांनी स्टूल पुढे केलं. "हिला प्रवासीण म्हणतात. फार थोड्या घडवल्या होत्या. हौसेला मोल नसतं ताई, पण बाहुलीला असतं."

ती किंमत देण्यापेक्षा समुद्र घरी आणणं सोपं होतं. काही दिवसांनी प्रवासीण काचेतून गेली. कुणी तरी मोटारीतून आलं आणि घेऊन गेलं. कडकताईनं त्या रात्री नीट जेवण केलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "ओळखीचं एक माणूस गावाला गेलं."

इथे गोष्ट संपली असती, माणसं अशा हजार गोष्टी विसरून जगतात. पण एके दिवशी काकांनी तिला रस्त्यातून हाक मारली. दुसऱ्या कुठल्याशा प्रवासिणीचं नुसतं उभं राहायचं स्टँड विकायला आलं होतं: एक लाकडी चकती, तिच्यात रोवलेली दांडी, वर कमरेला धरणारा तारेचा विळखा. बाहुलीशिवाय स्टँड कोण घेणार? कडकताईनं घेतलं. दोन दिवसांचा चहा सोडला की येईल एवढ्यात आलं. मग काही महिन्यांनी बूट आले. मग कोट आला. त्यासाठी तिनं लाँड्रीत जास्तीच्या चुण्या काढल्या, इतक्या की डोळे मिटले तरी चुण्याच दिसत. मग टोपी, मग ती चामड्याची बॅग.

नवरा बस चालवायचा. गावातल्या गावात, एकच रस्ता, दिवसभर येजा. "जग फिरलेला माणूस आहे मी," तो म्हणायचा, "फक्त तेच तेच जग." कपाटातला तो सरंजाम बघून त्यानं एकदा डोकं खाजवलं.

"अगं, लोक नाल सापडली म्हणून घोडं घ्यायला निघतात. तू नाल घेतलीस, खोगीर घेतलंस, लगाम घेतलास. आता घोड्याचं तेवढं बघ."

"येईल घोडं," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

आणि खरंच तिला घाई नव्हती. कामावरून आल्यावर ती कपाट उघडायची, चहाचा कप घेऊन समोर बसायची. स्टँडवर कोट चढवलेला, वर तारेवर टोपी टेकवलेली, खाली बूट, शेजारी बॅग. मधला चेहरा तेवढा नाही. तो ती रोज घालायची. कधी शाळेत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा, कधी आईचा तरुणपणीचा, फोटोतला. एकदोनदा स्वतःचाही घालून पाहिला, पण लाजून लगेच काढला. पश्चिमेचं ऊन त्या वेळी बरोबर कपाटात शिरायचं, पितळेची बटणं एकेक करून पेटायची आणि प्रवासीण निघायची. मोठी स्टेशनं, बंदरं, डोंगरातली लहानशी हॉटेलं. कडकताई तिला विचारायची, तिथल्या चादरी कशा आहेत गं? प्रवासीण सांगायची, बऱ्या आहेत, पण कोपरे तुझ्यासारखे बसत नाहीत. मग दोघी खूश व्हायच्या. चहा गार व्हायचा. खाली रस्त्यावरून नवऱ्याच्या बसचा ओळखीचा हॉर्न यायचा आणि बाई पुन्हा आपल्या घरात यायची.

आता त्या टाक्याकडे येऊ.

कोट पहिल्यांदा घरी आणला तेव्हा कॉलरच्या आत तिला लाल धाग्याचा टाका दिसला होता. फुलीसारखा, नाजूक, आणि फुलीच्या खाली एक आडवी रेघ. तिनं जराही विचार केला नाही. इतक्या वर्षांची हाताची सवय. कपडा घरी पोचला की खूण काढायची. छोटी कात्री उचलली आणि उसवून टाकला. वर समाधानानं मान हलवली. पोचला एकदाचा.

टोपी आली तेव्हा तिच्या आतल्या पट्टीवर तीच फुली, तीच आडवी रेघ. कडकताईची कात्री हातातच राहिली. मग बॅग आली. बॅगेत नखाएवढ्या चार घड्या केलेला एक रुमाल होता, चारी बाजूंनी हातानं दुमडून शिवलेला. असा रुमाल मूळ बाहुलीबरोबर येत नाही हे तिला ठाऊक होतं. एव्हाना तिला प्रवासिणीची कुंडली पाठ झाली होती. प्रवासाला निघालेल्या बाईजवळ रुमाल हवा, असं कुणाला तरी वाटलं होतं. रुमालाच्या कोपऱ्यावर लाल फुली आणि खाली रेघ होती.

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या दुकानात गेली.

"काका, हे सगळं एकाच घरातून येतंय ना?"

काका चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता. "विकणाऱ्याचं नाव मी सांगत नाही ताई. धंद्याची रीत आहे."

"नाव नकोच. एकाच घरातलं का, एवढंच सांगा."

"एकाच." काकांनी चष्मा घातला. "वयस्कर बाई आहेत. एके काळी भिंतभर बाहुल्या होत्या त्यांच्याकडे. यजमान अंथरुणाला खिळले आणि भिंत रिकामी होत गेली. ही शेवटची. हिला विकायची नाही म्हणून तिचं एकेक सामान विकतात. मला म्हणाल्या, कोट गेला म्हणून काय झालं, अंगानं तर आहे ना?"

"मग आता काय राहिलं त्यांच्याकडे?"

"बाहुली," काका म्हणाले. "नुसती. अशी उघडीवाघडी आली तर किंमतही फार नाही यायची. तुम्हाला परवडेल. आणि येईल ताई. दुखणं काही हटत नाहीये. आज ना उद्या येईलच."

कडकताईला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही, मोठा आनंद झाला. ती पायऱ्या उतरताना जवळजवळ नाचली. औषधांच्या दुकानासमोरून जाताना मात्र तिचे पाय जड झाले. आपण कशाची वाट बघतोय? कुणाच्या तरी घरातली औषधं महाग व्हावीत याची. स्वतःचा असा राग तिला कधीच आला नव्हता. तिनं मनाला समजावलं, मी नाही घेतली तर दुसरं कुणी घेईल. मनानं ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवसापासून कपाटातली प्रवासीण बोलेना. ऊन यायचं, बटणं पेटायची, सगळं तसंच. पण कडकताईनं चेहरा घातला की तो पाठ फिरवायचा. एकदा तिला भर दुपारी इस्त्रीच्या टेबलाशीच डुलकी लागली. तिला दिसलं की एका लांबलचक स्टेशनावर ती बाहुली नुसतीच चाललीय, अंगावर काही नाही, आणि बाकावरची माणसं वर्तमानपत्रं वाचताहेत. जाग आली तेव्हा कुणाच्या तरी शर्टाच्या बाहीवर तांबूस डाग पडला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून पहिल्यांदा कपडा भाजला. मालक काही बोलले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं.

थंडी सुरू झाली आणि काकांचा निरोप आला. येत्या सुट्टीच्या दिवशी बाई बाहुली घेऊन दुकानात येणार होत्या. स्वतः. कुणाकडे जातेय ते बघितल्याशिवाय देणार नाही म्हणाल्या होत्या.

पैसे जवळ होते. ते समुद्राचे होते. या वर्षी छत गळलं नव्हतं आणि दाढाही शाबूत होत्या. कडकताईनं नवऱ्यासमोर विषय कसा काढावा याचा दोन दिवस विचार केला. शेवटी त्यानंच काढला.

"जा, घेऊन ये," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "समुद्र काय, आहे तिथेच असतो. तुझी ही बया मात्र पायाला भिंगरी बांधलेली. पुन्हा सापडायची नाही."

"तुम्ही रागावणार नाही?"

"रागावलो असतो. पण बघ, नाल झाली, खोगीर झालं. आता घोडं नाही आणलंस तर लोक मलाच हसतील."

तिनं कोटाला शेवटची इस्त्री केली. इतक्या लहान कॉलरवर मोठी इस्त्री चालत नाही. ती चमच्याचा दांडा गरम करून, ओल्या फडक्यावरून फिरवायची. सगळं सामान मऊ कापडात गुंडाळून पिशवीत घेतलं. बाहुलीला तिथेच कपडे घालून आणायचं तिनं ठरवलं होतं. उघडीवाघडी रस्त्यानं आणायची तिला हिंमत नव्हती.

दुकानात स्टुलावर एक उंच, ताठ बाई बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, कपडे जुने पण नीट. मांडीवर बाहुली होती. ती उघडी नव्हती. पुरुषाच्या जाड राखाडी लोकरी मोज्याला हातांसाठी भोकं पाडून, कमरेला लाल धागा बांधून तिला कोट केलेला होता.

"थंडी आहे ना," बाई म्हणाल्या. त्यांनी ओळख वगैरे काही करून घेतली नाही. "यांचे मोजे तसेही पडून आहेत. पाय कुठे जमिनीला लागतात आता."

कडकताईनं चेहरा पाहिला. तोच तो. ओठ किंचित उघडे, नजर जरा वर. इतके दिवस तिनं किती चेहरे घालून पाहिले होते, आणि हा एकच होता जो कुणासारखा नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, हात भरलेले होते.

पिशवी उघडली. बाईंनी सामान एकेक करून घेतलं. आधी मोजा उतरवला, मग उजवा हात मागे वळवून बाही चढवली. "आधी उजवा," त्या म्हणाल्या, "डावा घातला की अडकते." बूट घालताना त्यांनी टाचेखाली बोट धरलं. टोपी घातली आणि किंचित तिरकी केली, कडकताई रोज सरळ ठेवायची ती. बॅग उघडून पाहिली. रुमाल होता. बाईंनी तो पुन्हा आत ठेवला आणि बॅग बंद केली. काका मागच्या कपाटात काहीतरी शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

मग बाईंनी कोटाची कॉलर उलटली. बोटानं चाचपली. दुसऱ्या बाजूनं चाचपली. त्यांचा चेहरा बदलला.

"हा तिचा कोट नव्हे."

"तिचाच आहे," कडकताई म्हणाली.

"नव्हे. मी तिच्या प्रत्येक कपड्याला खूण केली होती. आमच्या घरी लहानपणी धुलाईला कपडे द्यायचे तर आई अशी खूण करायची, म्हणजे कुठेही गेले तरी आपल्याकडे परत येतात. टोपीला आहे, रुमालाला आहे. याला नाही. हा दुसऱ्याच कुणाचा तरी कोट आहे. काका, तुम्ही माझा कोट कुठे विकलात?"

त्या ताठ बाईचा आवाज पहिल्यांदाच हलला. बाहुली विकायला बसलेली बाई, पण कोट हरवला म्हणून ती घाबरली होती. कडकताईला पोरकी फळी आठवली. आपण तो कोट त्या फळीवर नेऊन ठेवला होता, आपल्या हातानं, वर मान हलवून.

"मी उसवली," ती म्हणाली. "खूण मी उसवली. मी लाँड्रीत काम करते. कपडा घरी पोचला की आम्ही खूण काढतो. मला वाटलं, पोचला."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या दुकानातली घड्याळं आपापल्या वेळेप्रमाणे टिकटिकत होती, एकाचीही दुसऱ्याशी गाठ नाही.

"काका, सुई आहे?" कडकताईनं विचारलं.

बाहुलीवाल्याकडे सुई नसून कसं चालेल? सुई आली. लाल धागा बाईंनी मोज्याच्या कमरेचा सोडवून दिला. कडकताई स्टँडशेजारी बसली, कॉलर उलटी धरली. उसवलेल्या जागी जुनी भोकं अजून होती. नीट पाहिलं तर दिसत होती. तिनं त्याच भोकांतून सुई घातली. फुलीचा एक पाय, दुसरा पाय. खाली आडवी रेघ. गाठ आतल्या बाजूला.

टाका पुरा झाला तेव्हा तिला कळून चुकलं. हात आधीच कामाला लागले होते, मन मागाहून पोचलं. ज्याच्यावर खूण आहे तो कपडा ज्याचा त्याच्याकडे जातो. यात विचार करण्यासारखं काही नाही, इतकी वर्षं रोज तेच तर केलं. तिला भयंकर राग आला, सुईचा, धाग्याचा, लाँड्रीच्या त्या पद्धतीचा. एक क्षण तिनं कात्रीसाठी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा. मग पिशवीतून पैशांचं पाकीट काढून बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"बाहुली मी घेतली," ती म्हणाली. "सगळ्या सामानासकट माझी झाली. पण माझ्या घरी ठेवता येणार नाही. घरी इस्त्रीचं काम असतं, वाफ असते. वाफेनं चेहरा तडकेल. ती तुमच्याकडेच राहू द्या."

"चिनी माती वाफेनं तडकत नाही," बाई म्हणाल्या. "चहाचा कप तडकतो का?"

कडकताईनं सुई परत काकांच्या पुढ्यात ठेवली.

"खोटं बोलताय तुम्ही."

"हो," कडकताई म्हणाली. आणि आता मात्र रडू आवरेना. "हो, खोटं बोलतेय. पण मालकी माझी. मुक्काम तुमच्याकडे. प्रवासीणच आहे ना ती? मुक्काम कुठेही करेल. मी बघायला येईन. तुम्ही नको म्हणालात तरी येईन."

बाईंनी पाकिटावर हात ठेवला. त्यांना पैशांची गरज होती आणि त्यांना तसे पैसे घ्यायची सवय नव्हती, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होत्या. शेवटी त्यांनी पाकीट उचललं, बाहुलीला काखेत धरलं, स्टँड पिशवीत घातलं.

"या," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या हातानं या. आणि टोपी तिरकीच असते, सरळ नाही."

दाराशी जाऊन त्या परत फिरल्या. काउंटरवर मोजा तसाच पडला होता. त्यांनी तो उचलून कडकताईच्या हातात दिला. "तिचा घरातला कोट आहे. तुमच्याकडेही काहीतरी असू द्या."

काकांनी नाक शिंकरलं. "अशानं माझा धंदा बुडेल," ते म्हणाले, पण कुणालाच उद्देशून नाही.

बसमध्ये कडकताई मनात धुसफुसत होती. चांगलं केलं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, असं आपलं झालं, आणि हाती धुपाटणंही नाही, मोजा. समुद्र गेला. प्रवासीण गेली. दोन थांबे गेल्यावर उतरून मागे पळावं असं वाटलं. ती उतरली नाही, पण प्रत्येक थांब्यावर वाटत राहिलं.

नवरा दारातच उभा होता. त्यानं कपाटाचं दार पुसून उघडं ठेवलं होतं. फळीवर स्वच्छ कागदही अंथरला होता. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं.

"बाहुली कुठंय?"

"प्रवासाला गेलीय."

तिनं मोजा पुढे केला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, भोकांतून बोटं घालून पाहिली.

"सगळे पैसे दिलेस?"

"सगळे."

"एवढ्या पैशांत मोजा," तो म्हणाला. "तोही एकच."

आणि मग ती त्याला सगळं सांगायला लागली. सांगता सांगता ऊन कपाटात आलं, रिकाम्या कागदावर पसरलं आणि निघूनही गेलं. शेवटी तो म्हणाला, "किती लांब राहतात गं त्या बाई?"

"माहीत नाही. काका म्हणाले दोन बस बदलाव्या लागतात. डोंगरापलीकडे."

"मग मीही येतो." त्यानं कपाटातला कागद सरळ केला. "इतकी वर्षं बस चालवतोय, पण तिकीट काढून मागे बसून कधी कुठे गेलोच नाही. खिडकी मात्र माझी."

कडकताई हसली. मग मोजा हातात घेऊन तिनं सवयीनं तो उलटा केला, कुठे इस्त्री लागते का बघायला. आत, काठाशी, लाल फुली होती आणि तिच्याखाली आडवी रेघ. छोटी कात्री शेजारीच टेबलावर पडली होती. तिनं कात्री उचलून खणात ठेवली, खण बंद केला, आणि मोजा खुणेसकट कपाटात नीट घडी करून ठेवला.